स्वामी गिमिक शिकतोय, चवथीपर्यंत जमेल का?

मांडवीकाठ
१४ जून, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा काढायची ही पहिलीच वेळ. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी म्हापशात एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब बघतो. वय ४४. कॉलेजपासून पत्त्यांच्या जादूचे खेळ करतो, लग्नामुंजीत पोरांना रमवण्यापुरते. दोनेक वर्षांपासून मेंटॅलिझमचं, म्हणजे मन वाचल्यासारख्या जादूचं, वेड लागलंय. मार्चमध्ये कुरियरने एक स्वामी गिमिक मागवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. अंगठ्याला लावायचा कातडीच्या रंगाचा एक चिमुकला तुकडा असतो आणि त्याला शिशाचं टोक असतं. समोरच्याने आकडा सांगायच्या आधीच तुम्ही कार्डावर भाकीत लिहिल्याचं नाटक करता आणि पेन्सिल खिशात टाकता. मग आकडा ऐकता आणि कार्ड हातात धरल्याधरल्या अंगठ्याने तो आकडा गुपचूप उतरवता. ऐकायला दोन मिनिटांचं काम वाटतं.

तीन महिने झाले. माझे आकडे म्हणजे कोंबडीचे पाय. हात थरथरतो. पाऊस सुरू झाल्यापासून घामाने ते टिकलीसारखं निसटतं, परवा आमटीच्या वाटीत सापडलं. बायको विचारते, "अंगठ्याला काय झालंय, सारखा चोळताय?"

चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, फोंड्याजवळच्या मूळ घरी पन्नासेक माणसं जमतात. आरत्या झाल्यावर एक छोटा प्रयोग करावा अशी इच्छा आहे. अडीच महिने हातात आहेत. इथे कुणी हे वापरतं का? सराव कसा करता?

सोलकढी
१४ जून, रात्री ११:०५

आधी वहिनींना खरं सांगून टाका. नवरा चोरून अंगठा चालवतो म्हणजे मोबाईलवर कुणाशी तरी बोलतो, हाच अर्थ निघतो. (हलकेच घ्या.)

रोखठोक
१५ जून, सकाळी ८:१२

संपादक मंडळाने हा धागा उडवावा. जादूगारांची पोटं ज्या गोष्टीवर चालतात ती चव्हाट्यावर मांडायची नसते. उद्या एखादं कार्टं हे वाचून भर कार्यक्रमात "अंगठा दाखवा" म्हणून ओरडेल. शिकायचं तर गुरू करा.

पेठेतला
१५ जून, सकाळी ९:४०

रोखठोक, भावना पोचल्या. पण कोरिंडा या मेंटॅलिस्टच्या तेरा पायऱ्यांच्या पुस्तकात पहिली पायरीच स्वामी गिमिकची आहे. मेंटॅलिझमकडे वळलेला जवळजवळ प्रत्येकजण तिथूनच आत शिरतो. जो हा धागा उघडून इथपर्यंत वाचेल तो आधीच निम्मा जादूगार आहे. बाकीचे पाककृती वाचायला गेलेत.

धागाकर्ते, पुण्यात आमच्या ओळखीचे एकजण हे वापरायचे. ते म्हणत की गिमिक लावून पहिलं वर्ष काही लिहायचंच नाही, नुसतं लावून हिंडायचं. मला ते जरा पुणेरीच वाटलं.

खडू फळा
१५ जून, रात्री ९:३०

मी फोंड्याचा, निवृत्त चित्रकला शिक्षक. तीसेक वर्षं हे वापरतोय, धंदा म्हणून कधी केलं नाही. रोखठोक यांचा मुद्दा डोक्यात ठेवूनच लिहितो. अगदी आतल्या दोन गोष्टी व्यनिने (खाजगी निरोपाने) सांगेन, बाकी इथे.

तुमचं गिमिक कोणत्या जातीचं आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण आमटीवरून चिकटवायचं दिसतंय. एक जात नखाखाली खोचायची असते. ती पक्की बसते, पण नख राखावं लागतं आणि हार्डवेअरच्या दुकानात ते टिकणार नाही. दुसरी नखावर किंवा पेरावर चिकटवायची. ती सगळ्यात छान लपते आणि आपल्या हवेत सगळ्यात आधी दगा देते. तिसरी पट्टीची, अंगठ्याला कवेत घेणारी. शिवाय पोकळ खोट्या अंगठ्याच्या टोपीला शिसं लावलेलंही मिळतं. जून ते सप्टेंबर गोव्यात चिकटवायचं वापरू नका. पट्टीचं घ्या, ते घामाने थोडं फिरतं पण पडत नाही.

आता शिसं. पेन्सिलीचं बारीक शिसं समोरासमोर बसलेल्या चारजणांसाठी. मागच्या रांगेपर्यंत आकडा दिसायचा असेल तर काचेवर लिहायच्या तेलकट पेन्सिलीसारखं जाड, काळं शिसं लागतं. काहीही वापरा, पण खिशातली दाखवायची पेन्सिल त्याच कुळातली हवी. मी एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात पिवळी एचबी पेन्सिल मिरवली आणि आकडा उमटला डांबरासारखा काळाकुट्ट. पहिल्या रांगेतल्या पोरीने लगेच विचारलं, "सर, पेन्सिल बदलली?" चित्रकलेच्या मास्तरला पोरीनं शेड शिकवली.

टोक नखाबाहेर मिलिमीटरभर पुरे. जास्त ठेवलं तर अडकतं आणि दिसतं, कमी ठेवलं तर नखच कागदावर ओरखडतं.

कार्ड जाड आणि खरखरीत घ्या. गुळगुळीत चकचकीत व्हिजिटिंग कार्डावर शिसं नुसतं घसरतं. अंगठा पुढे, चार बोटं मागे. आता मुख्य गोष्ट. अंगठ्याने लिहू नका, अंगठा जवळपास जागेवर ठेवा आणि मागच्या बोटांनी कार्ड त्याच्याखाली सरकवा. पाटीवर खडू धरून पाटीच हलवावी तसं. सुरुवातीला अगदी उलटं वाटतं, आठवड्याभरात हात ऐकायला लागतो. अंगठा हलला की मनगट हलतं, मनगटामागून कोपर, आणि कोपर शेवटच्या रांगेलाही दिसतं.

कोंबडीच्या पायांचं दुःख करू नका. तुमचं अंगठ्याचं अक्षर तुमच्या हाताच्या अक्षरासारखं कधीच होणार नाही. तेव्हा हाताचं अक्षर अंगठ्यासारखं करा. "तुम्ही .... म्हणणार" हे वाक्य खऱ्या पेन्सिलीने आधीच लिहा, पण तेही थोडं वाकडं, घाईत लिहिल्यासारखं. रिकामी जागा कार्डावर मधोमध नको, तुमचा अंगठा आपसूक जिथे टेकतो तिथे हवी.

मांडवीकाठ
१५ जून, रात्री ११:२०

मास्तर, साष्टांग नमस्कार. आजच तासभर कार्ड सरकवत बसलो. "३" पहिल्यांदाच ३ सारखा आला. एक प्रश्न, गिमिक उजव्या अंगठ्याला की डाव्या?

पेठेतला
१६ जून, सकाळी १०:०२

डाव्या. उजव्या हातात पेन्सिल दिसत राहिली तर त्या हातावरच लोकांची नजर राहते, काम दुसरीकडे होऊन जातं.

खडू फळा
१६ जून, सकाळी ११:१५

पेठेतला यांच्याशी असहमत. पेन्सिल हातात राहिली की शंकेला बसायला जागा मिळते. सगळ्यांसमोर ती खिशात जाऊ द्या, मग हात कोणताही वापरा. मी उजवा वापरतो कारण माझा डावा मठ्ठ आहे. धागाकर्त्यांनी दोन्ही करून पाहावेत.

अबोली
१६ जून, दुपारी ३:४०

मला जादूतलं काही कळत नाही. मी मडगावची, देवळाच्या उत्सवी नाटकांत पंधराएक वर्षं कामं केली. पण हा धागा वाचून एक गोष्ट सांगाविशी वाटते.

तुम्ही सगळे खऱ्या लिहिण्याबद्दलच बोलताय. सुरुवातीच्या खोट्या लिहिण्याचं काय? पहिल्या वर्षी मला रंगमंचावर पत्र लिहायचं होतं. मी कागदावर नुसती पेन्सिल फिरवत होते. प्रयोग संपल्यावर मागच्या खुर्चीवरच्या एका आजीने सांगितलं, "गे, तू कायच बरयनाशिल्ली." (तू काहीच लिहीत नव्हतीस.) पन्नास फुटांवरून! त्यानंतर मी प्रत्येक प्रयोगात खरंच पत्र लिहायचे. दिग्दर्शकांनी कारण सांगितलं ते असं की लिहिणारा माणूस मध्येच थांबतो, शब्द शोधतो, शेवटी पूर्णविराम देताना हात जरा जोरात टेकवतो. रेघोट्या ओढणारा माणूस थांबत नाही.

तेव्हा आकडा लिहिल्याचं नाटक करताना दोन आकड्यांना लागतो तेवढाच वेळ घ्या. मनात खराच एखादा आकडा धरा, तोच हवेत लिहा, लिहिल्यावर कार्डाकडे क्षणभर बघा. बरोबर लिहिलंय ना, अशा नजरेने.

खडू फळा
१६ जून, रात्री ८:५०

अबोलीताई, तीस वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरी आरशासमोर करून पाहिलं. मी आजवर नुसत्या रेघोट्याच ओढत होतो.

सोलकढी
१६ जून, रात्री ९:०५

वाचनखूण साठवली. आता बायकोला वाणसामानाची यादी लिहिताना बघून अभ्यास करतो.

मांडवीकाठ
२९ जून, रात्री १०:१०

थोडी प्रगती. कदंबच्या बसमध्ये म्हापसा ते पणजी रोज खिशात हात घालून सराव चालू आहे. जुनी लग्नपत्रिका कापून कार्डं केली, कागद चांगला खरखरीत आहे.

एक शोध लागला, बहुतेक मास्तरांना आधीच माहीत असेल. मी इंग्रजी आकडे गिरवत होतो. इंग्रजी चार काढायला टोक उचलावं लागतं, पाच काढताना वरची आडवी रेघ हटकून वेगळी पडते. टोक उचललं की परत नेमक्या जागी टेकवताना बोंब. मग देवनागरी करून पाहिले. आपला ४ एका दमात होतो, ७ आणि ८ तर अंगठ्याच्या स्वभावातच आहेत. २, ३, ६ सुद्धा न उचलता निघतात. फक्त ९ अजून रुसलाय.

खडू फळा
२९ जून, रात्री १०:४५

माहीत होतं, पण असं मांडलं नव्हतं. माझा सगळा मराठी कार्यक्रम देवनागरी आकड्यांतच असतो. ९ साठी आधी गाठ, मग खाली ओढ. वरून सुरू करू नका. आणि नावं-अक्षरं अजिबात नकोत. शिरोरेघ अंगठ्याने सरळ काढणारा माणूस मी अजून पाहिला नाही.

मात्र समोर देवनागरी न वाचणारे पाहुणे असतील तर मुकाट इंग्रजी आकडे गिरवा. मी एकदा कळंगुटला एका गोऱ्या जोडप्यासमोर सुंदर ४ काढला, त्यांना वाटलं इंग्रजी आठ चुकीचा लिहिलाय.

चिकित्सक
३० जून, सकाळी ७:३०

मी सावंतवाडीचा, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात. एक गोष्ट खटकते ती विचारतो. या वस्तूला "स्वामी" का म्हणतात याचा कुणी विचार केलाय? एके काळी पाश्चात्य रंगमंचावर मन वाचणारे गोरे कलाकार फेटे बांधून भारतीय साधू व्हायचे. क्लॉड अलेक्झांडर कॉनलिन (१८८० ते १९५४) हा अमेरिकन, फेटा बांधून आणि स्फटिकाचा गोळा घेऊन स्वतःला "सगळं जाणणारा" म्हणवायचा. आपल्या स्वामींची गूढ छबी त्यांनी उसनी नेली, नंतर ती यंत्राच्या नावासकट आपल्याकडेच परत आली. आणि आपण चवथीच्या रात्री देवासमोर तेच करणार. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला तो उगाच नाही. गंमत म्हणून केलेलं आणि "मला कळतं" म्हणून केलेलं यांच्यातली रेषा फार बारीक असते.

रोखठोक
३० जून, सकाळी ९:००

आता धागा देव-धर्मावर गेला. सांगितलं होतं.

खारा वारा
३० जून, दुपारी १:१५

थोडं अवांतर, पण गोव्याचं आहे म्हणून लिहितो.

पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियांचा पुतळा आहे. समोर कोसळणारी बाई आणि तिच्यावर पसरलेले हात. लहानपणी आम्हाला तो तिचा गळा धरतोय असंच वाटायचं. रामचंद्र पांडुरंग कामतांनी तो घडवला, १९४५ साली बसवला. फारिया मूळ कांदोळीचे, जन्म ३१ मे १७५६. १८१३ मध्ये पॅरिसात त्यांनी संमोहनाचे जाहीर वर्ग घेतले. त्या काळी लोक मानत की संमोहन करणाऱ्याच्या अंगातून कसलातरी चुंबकी द्रव वाहतो. फारिया म्हणाले, तसलं काही नाही, जे घडतं ते समोरच्याच्या स्वतःच्या मनात घडतं. १८१९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी ते वारले.

आख्यायिका तर इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. लिस्बनला राणीसमोर प्रवचन करताना तरुण फारियांची बोबडी वळली, तेव्हा बापाने खालून कोंकणीत कुजबुजलं, "ही सगळी भाजी, कातर रे भाजी." आणि पोरगा सुटला. मांडवीकाठ, तुमच्या थरथरत्या हाताला माझ्याकडे एवढंच औषध आहे. पन्नास माणसं म्हणजे पन्नास जुड्या तांबडी भाजी.

चिकित्सक
३० जून, संध्याकाळी ६:२०

फारियांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. त्यांनी "माझ्या अंगात शक्ती आहे" असं म्हणायचं नाकारलं. सोपं होतं म्हणणं.

मांडवीकाठ
२० जुलै, रात्री ९:५५

पहिला प्रयोग केला आणि तोंडावर पडलो. दुकानातल्या मुलाला म्हटलं, एक ते शंभरमधला आकडा सांग. म्हणाला, ७. मास्तरांनी व्यनित सांगितलं होतं की आकडा ऐकल्याबरोबर लिहू नका, तेव्हा सगळ्यांची नजर कार्डावर असते. प्रश्न विचारून नजर त्याच्याकडे वळवा. मी विचारलं, "बदलायचाय?" आणि तो विचार करेपर्यंत ७ लिहून मोकळा झालो. सुंदर ७ आला होता. तो म्हणाला, "बरं, १२ करा."

कार्ड खिशात टाकलं आणि "आज ग्रह बरोबर नाहीत" म्हणून चहा सांगितला. दुसरं दुःख म्हणजे कार्डं पावसाने मऊ पडलीत, शिसं उमटण्याऐवजी कागद खरवडतंय.

खडू फळा
२० जुलै, रात्री १०:३०

हा हा हा! माफ करा, पण हे माझ्याही बाबतीत झालंय. "बदलायचाय?" विचारायचं असेल तर उत्तर येईपर्यंत अंगठा देवाच्या नावाने स्वस्थ ठेवा. त्यापेक्षा "हाच का?" विचारा. माणूस कारण शोधायला लागतो, बाकीचे त्याचं कारण ऐकायला बघतात, आणि आकडा मात्र पक्का असतो. तो "आमच्या घराचा नंबर" म्हणेल, कुणीतरी हसेल. त्या हसण्यात लिहा. आणि हो, कार्डाकडे बघायचं नाही. मान खाली गेली की गेलं सगळं. अंधारात सराव करा, मग डोळ्यांची गरज आपोआप संपते.

कार्डं बिस्किटांच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, औषधाच्या बाटलीत येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या टाका. प्रयोगाआधी अर्ध्या तासात काढा, आधी नको.

पेठेतला
२१ जुलै, सकाळी ९:१०

एक जोडटीप. "५० च्या आतला दोन आकडी नंबर घ्या, दोन्ही आकडे विषम आणि वेगवेगळे, जसं १५" असं म्हणालात की बरेच जण ३७ म्हणतात. कारण उरतात ते मोजून आठच, त्यातला १५ तुम्ही उदाहरणात जाळलेला. अंगठा घामेजला असेल त्या दिवशी कार्डावर आधीच ३७ लिहून ठेवा. लागला तर वाहवा, नाहीतर दुसरं कार्ड आहेच.

मांडवीकाठ
चवथीनंतर, रात्री ११:४०

मंडळी, झालं. सविस्तर लिहितो, झोप येत नाहीये.

दुपारपासून पाऊस. आरत्या सुरू झाल्या, घुमट आणि शामेळ ही आमची वाद्यं अशी काही घुमली की वीज गेल्याचं दोन आरत्या होईतो कुणाच्या लक्षात आलं नाही. समयांच्या उजेडात सगळे बसले होते. हाच उजेड माझ्या फायद्याचा, हे मला तेव्हाच सुचलं. डब्यातून कार्ड काढलं, पट्टीचं गिमिक अंगठ्याला. पेन्सिलीने सगळ्यांसमोर वाक्य लिहिलं, रिकाम्या जागी अबोलीताईंच्या सांगण्याप्रमाणे मनात २८ धरून २८ हवेत लिहिला, थांबलो, बघितलं, पेन्सिल सदऱ्याच्या खिशात.

मग धाकट्या वहिनीला म्हटलं (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधलेली चौकट), "माटोळीला किती तऱ्हेची फळं-पानं बांधलीयत? मोजू नका. मनात येईल तो आकडा सांगा." तिने वर बघितलं आणि म्हणाली, ५३. "५३च का?" ती म्हणाली, "गेल्या वर्षी भावोजींनी ५२ सांगितली होती, एक तरी जास्त असेलच ना." सगळे हसले. ५ आणि ३. पाच थोडा लांबट झाला, पण समईच्या उजेडात चालून गेला. कार्ड तिच्याच हातात दिलं. तिने वाचलं आणि तोंडावर हात घेतला.

टाळ्या पडायच्या आत नऊ वर्षांचा पुतण्या टॉर्च घेऊन स्टुलावर चढला, मोजून म्हणाला, "पण काका, ४६च आहेत!" म्हणजे वहिनीचं मन मी वाचलं, पण वहिनी आणि माटोळी यांचं जुळलं नाही. माझ्या प्रयोगापेक्षा यावर जास्त हसले.

इथपर्यंत सगळं ठीक. पण घाम आला होता, मी सवयीने अंगठ्यानेच कपाळ पुसलं. उठून आत गेलो तर थोरली वहिनी म्हणते, "हे भस्म कधी लावलंस?" आरशात बघितलं, कपाळावर शिशाची आडवी करडी रेघ. पुसली, विसरलो.

ओसरीवर शेजारच्या मावशी वाट बघत होत्या. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी ती रेघ बघितली होती. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "बाबू, तू कसली तरी साधना करतोस ना? माझ्या नातवाच्या पोर्तुगीज पासपोर्टचं काम दोन वर्षं अडकलंय. लिस्बनला जन्मनोंदणी झाली की नाही तेवढं सांग."

चिकित्सक, तुमची आठवण झाली. मी हसून "नाही हो मावशी, हातचलाखी आहे" म्हणालो. त्या म्हणाल्या, "सांगायचं नसेल तर नको सांगूस, मला कळतं." आणि त्यांनी वाटीतून दोन नेवऱ्या (करंज्या) माझ्या हातात ठेवल्या. दक्षिणा! मी घेतल्या, कारण नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. आता झोप येत नाही.

चिकित्सक
दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:५०

तुमच्यावर टीका करणार नाही, ज्या माणसाला झोप आली नाही त्याला काय बोलणार. पण नेवऱ्या परत करू नका, खा. पुन्हा भेटा आणि वस्तू दाखवा. आम्ही गावोगाव बाबांचे चमत्कार करून दाखवतो, लगेच उलगडूनही सांगतो. उलगडलं नाही तर आम्हीच बाबा होतो.

रोखठोक
दुसऱ्या दिवशी, सकाळी ८:३०

एका मावशींसाठी गुपित फोडायचं? कालांतराने सगळ्या वाड्याला कळेल. पुढच्या चवथीला काय करणार?

खडू फळा
दुसऱ्या दिवशी, सकाळी १०:००

रोखठोक, मी जन्मभर तुमच्या बाजूने होतो. पण इथे चिकित्सकांचं ऐकावं. वाड्याला कळलं तर धागाकर्त्यांनी दुसरं काहीतरी शिकावं, वय काय झालंय त्यांचं? मावशींना बाकी सांगू नका, फक्त अंगठा दाखवा.

अवांतर: रेघ माझ्याही कपाळावर येत असे. रुमाल डाव्या खिशात आणि घाम डाव्याच हाताने पुसायचा, हे सांगायचं राहून गेलं. माझी चूक.

मांडवीकाठ
विसर्जनानंतर, रात्री १०:२०

मावशींकडे जाऊन आलो. चुलीपाशी बसून गिमिक त्यांच्याच अंगठ्याला लावलं. बोटं जाड, पट्टी जेमतेम बसली. जुन्या कॅलेंडरच्या पानाच्या मागे त्यांनी हळूहळू २ काढला. मग कार्ड सरकवायची कल्पना सांगितली, तर दुसऱ्याच प्रयत्नात माझ्यापेक्षा बरा ८ आला. आयुष्यभर भाकऱ्या थापलेली बोटं. खूप हसल्या. "असं असतं होय!" म्हणून नातवाला हाक मारून दाखवलं.

मला हायसं वाटलं. निघताना चप्पल घालत होतो तर दारातून विचारतात, "ते सगळं समजलं रे. पण वहिनी ५३ म्हणणार हे तुला आधी कसं कळलं?"

अबोली
त्याच रात्री, १०:४०

म्हणजे तुमचं खोटं लिहिणं फारच खरं झालं होतं.

सोलकढी
त्याच रात्री, १०:५५

बाकी सगळं राहू दे. पासपोर्ट आला का?

मांडवीकाठ
त्याच रात्री, ११:०२

अजून नाही.